गळ्याची आतषबाजी

गाणे ऐकून घरी आल्यावर माणसाला गाणे आठवावे की गळा आठवावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. ऐन दिवाळीत, फराळाचे ताट समोर असताना, असले भांडण कशाला उकरून काढायचे, असेही कोणी म्हणेल. पण मला हे भांडण दिवाळीतच करावयाचे आहे. कारण याच दिवसांत आपण आपल्या मुलामुलींना मांडवात, सभागृहात आणि आता मोबाईलच्या इवल्याशा पडद्यावर उभे करून त्यांच्याकडून गाऊन घेतो, भल्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून 'दिवाळी पहाट' ऐकायला जातो, आणि परतताना म्हणतो, "काय गायली पोरगी! केवढा वर गेला आवाज!" ती काय गायली, हे मात्र घराच्या फाटकापाशी येईपर्यंत विसरलेले असते. माझा आरोप सरळ आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपण गाण्याऐवजी गळ्याला टाळ्या द्यायला शिकलो, आणि या शिक्षणाची फी लहान मुलांच्या गळ्यातून वसूल होत आहे.

गळेबाजी हा शब्द आपल्याकडे जुना आहे, आणि शहाण्या माणसाने तो कौतुकाने कधी वापरलेला नाही. गळा असणे ही देणगी, गळा तयार करणे ही मेहनत आणि गळेबाजी म्हणजे त्या मेहनतीचे प्रदर्शन. एका अक्षरावर एक सूर ठेवून पुढच्या अक्षराकडे जाणे हे झाले साधे गाणे. त्याच अक्षरावर आठ-दहा सूर चढवावेत, मग दोन खटके द्यावेत, एक मुरकी घ्यावी आणि ऐकणाऱ्याचा श्वास अडकला की मग दुसऱ्या अक्षराची आठवण व्हावी, ही झाली गळेबाजी. तान, मुरकी, खटका, हरकत यांच्याशी माझे वैर नाही. दागिन्यांशी कोणाचे वैर असते? पण नवरीला पाहायला आलेल्या माणसाला नुसते दागिनेच दिसले आणि नवरीचा चेहरा दिसलाच नाही, तर त्या घरात काहीतरी चुकले आहे एवढे तरी म्हणायला हवे.

हे वेड केवळ आपलेच आहे असेही नाही. १९९० साली अमेरिकेत मराया कॅरी नावाच्या विशीतल्या गायिकेचे पहिले गाणे बाजारात आले. 'व्हिजन ऑफ लव्ह' हे त्याचे नाव. तिकडे एकच गाणे स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले की त्याला 'सिंगल' म्हणतात, आणि हा शब्द आता आपल्या गल्लीबोळांतही पोचला आहे. या पहिल्याच सिंगलमध्ये तिने गळ्याचे सगळे वैभव मांडून ठेवले. एकेका शब्दावर सुरांच्या लडी, शिट्टीसारखा अतिउंच स्वर, आणि शेवटाकडे तर वाद्ये थांबतात आणि एकटा गळा धावत सुटतो. ते गाणे चार आठवडे अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिले; पुढच्या वर्षी तिला त्याबद्दल ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. त्यानंतरच्या एका आख्ख्या पिढीने असेच गायचे असते असे ठरवून टाकले. २००२ साली 'अमेरिकन आयडॉल' नावाची दूरचित्रवाणीवरची स्पर्धा निघाली, आणि तिच्यात मुलांच्या रांगा लागल्या त्या याच लडी घेऊन.

येथे त्या बाईंवर अन्याय करणे मला मान्य नाही. त्या लडी तिने हवेतून आणल्या नव्हत्या. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधील भजनांत सूर असाच वळणे घेत जातो. पण तेथे गाणारा एकटा नसतो. त्याच्या प्रत्येक वळणाला समोरची मंडळी ओरडून, टाळ्या देऊन, डोलून उत्तर देतात. ते वळण म्हणजे संभाषण असते. नक्कल करणाऱ्यांनी संभाषण मागे ठेवले आणि वळण तेवढे उचलले. आपल्याकडेही हेच झाले. ठुमरीतली मुरकी ही शब्दाचा अर्थ निरनिराळ्या बाजूंनी दाखवण्यासाठी असते. एकच शब्द एकदा विनवणीने, एकदा रागाने, एकदा लटक्या रुसव्याने म्हणायचा असतो. आमच्या स्पर्धेतल्या मुलाला मुरकी शिकवली जाते, पण ती रुसव्याची की विनवणीची, हे कोणी सांगत नाही. किती गुणांची, एवढेच सांगतात.

आता कोणी जुना रसिक मला अडवील. तो म्हणेल, "अहो, मराठी माणसाने तान कधी नाकारली? बालगंधर्वांना काय, दीनानाथांना काय, वन्समोअर देऊन देऊन आमच्या आजोबांनी पहाट केली नाही का?" केली. आणि त्याचा इतिहास नीट पाहिला तर तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' १८८२ सालचे. त्यातली पदे म्हणजे सुरात बोललेले संवाद. पात्राला जे सांगायचे ते पदात सांगून नाटक पुढे जाई. १९११ चे 'मानापमान' आणि १९१६ चे 'स्वयंवर' यांनी रंगभूमीवर रागदारी आणली. ती गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांच्यासारख्यांनी आणली, तेव्हा तिची थोरवी मी काय सांगावी! पण पुढे काय झाले? पद हे नाटकाच्या पोटात राहिले नाही, नाटकच पदाच्या पोटात गेले. वियोगाने व्याकुळ झालेली नायिका चार-चार वेळा व्याकुळ होऊ लागली, कारण चार वन्समोअर मिळत. नायक ताटकळत उभा राही. नाटके रात्री सुरू होऊन पहाटे संपत आणि प्रेक्षक कथानकाऐवजी पदांची वाट पाहत. संगीत नाटकाला बोलपटाने मारले असे आपण म्हणतो. पण बोलपट आला तेव्हा रोग्याची प्रकृती आधीच बिघडलेली होती, हेही म्हणायला हवे.

तेव्हा शहाणी माणसे स्वस्थ बसली नाहीत. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. केशवराव भोळे यांनी त्याला संगीत दिले आणि ज्योत्स्नाबाई भोळे त्यात गायल्या. पदे थोडी, आटोपशीर आणि नाटकाला धरून. त्याच केशवरावांनी पुढे १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटाला संगीत दिले. विष्णुपंत पागनिसांचे त्यातले गाणे आठवा. तो माणूस तुम्हाला गळा दाखवत नाही. तुकोबांचे म्हणणे सांगतो, एवढेच करतो. आणि एवढ्यावरच सारा महाराष्ट्र त्या चित्रपटाला तुकोबांचे दर्शन समजून हात जोडत गेला.

पण माझ्या मुद्द्याचा सर्वांत चांगला साक्षीदार आमच्या विदर्भातला आहे. आजची मुले ज्याला पहिले सिंगल म्हणतात, त्याला तेव्हा पहिली तबकडी म्हणत. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नागपुरात कायद्याचे शिक्षण घेतलेल्या जी. एन. जोशी नावाच्या तरुणाची तबकडी निघाली. कविता होती मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ'. नागपूरचा गायक आणि बुलढाणा जिल्ह्यातला कवी! तीन-सव्वातीन मिनिटांचा मामला. त्या काळात तबकडी मिळाली की गवई त्या तीन मिनिटांत आपली सगळी तयारी कोंबून भरत; मैफलीत तासभर पुरेल एवढ्या ताना तीन मिनिटांत. जोशींनी तसे केले नाही. त्यांनी कवितेला वाट करून दिली. शब्द ऐकू येतील, अर्थ ऐकू येईल, आणि त्या अर्थाला लागेल तेवढाच सूर वापरायचा, एवढा साधा बेत. ती तबकडी घरोघरी वाजली. मराठी भावगीताचा इतिहास पुष्कळ जण या तबकडीपासूनच सांगायला सुरुवात करतात.

आणि जोशी हे काही रागदारीचे शत्रू नव्हते. पुढे अनेक वर्षे ते एच. एम. व्ही. कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी होते. देशातल्या थोर गवयांना आणि वादकांना त्यांनी तबकडीवर आणले. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची जगभर गाजलेली ध्वनिमुद्रिका त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली. म्हणजे ज्याला तानेची किंमत पक्की ठाऊक होती, त्यानेच पहिल्या गाण्यात ती हात राखून वापरली. गरिबाने दागिने न घालणे निराळे आणि सावकाराने न घालणे निराळे!

पहिल्या गाण्याविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. लता मंगेशकर यांनी चित्रपटासाठी गायलेले पहिले गाणे १९४२ च्या 'किती हसाल' या मराठी चित्रपटातले. तेव्हा त्यांना तेरावे वर्ष होते, आणि त्याच वर्षी दीनानाथ गेले. ते गाणे चित्रपटातून वगळले गेले. लोकांपर्यंत पोचलेच नाही. पुढे सात वर्षांनी, १९४९ साली, 'महल' मधल्या गाण्याने देश वेडा झाला. त्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते 'कामिनी'. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव! लोक रेडिओला पत्रे लिहून विचारू लागले की ही गाणारी आहे तरी कोण. पाहा म्हणजे गंमत. आधी गाणे पोचले, मग त्याच्या मागोमाग नाव पोचले. आज आमच्याकडे आधी फलक लागतो, मग फोटो निघतात, मग नाव पोचते, आणि गाणे यायचे राहून जाते.

बोरगाव मेघे हे माझे गाव. वर्धा शहराला ते इतके चिकटले आहे की वर्धा कोठे संपते आणि बोरगाव कोठे सुरू होते, हे नव्या माणसाला सांगता यायचे नाही. शहरात जे निघते ते आमच्याकडे आठ दिवसांत येते. गाण्याच्या स्पर्धाही अशाच आल्या. २००४ साली 'इंडियन आयडॉल' सुरू झाले आणि पुढच्या वर्षी अभिजीत सावंत या मुंबईच्या मराठी मुलाने ते जिंकले. २००९ साली तर आमच्याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या वैशाली माडे यांनी हिंदी 'सा रे ग म प' जिंकले, तेव्हा आम्हा सगळ्यांना घरचे लग्न असल्यासारखे झाले होते. त्याच सुमारास मराठीत 'लिटल चॅम्प्स' झाले. पाच-सहा लहान मुलांनी अभंग, गवळणी, नाट्यपदे म्हणत घरेच्या घरे टीव्हीपुढे बसवून ठेवली. या स्पर्धांनी काही भले केलेच नाही, असे मी कधीही म्हणणार नाही. गावातल्या मुलीलाही वाट आहे, हे त्यांनी दाखवले. पण मोठ्या स्पर्धेची लहान नक्कल गल्लीत उतरली, तेव्हा तिने गुण वरच ठेवले आणि खोड तेवढी खाली आणली.

ती कशी, ते सांगतो. आमच्या वस्तीतली एक अकरा वर्षांची मुलगी. एका उत्सवाच्या स्पर्धेत तिने तुकडोजी महाराजांचे भजन म्हटले. सूर पक्का, उच्चार स्वच्छ, आणि मुख्य म्हणजे ते भजन तिला कळलेले होते. मागे बसलेल्या चार बायका नकळत तिच्याबरोबर म्हणू लागल्या. परीक्षक म्हणाले, "बेटा, आवाज छान आहे; पण तू यात काही करून दाखवलंच नाहीस." बक्षीस गेले ते ज्याने एका अंतऱ्यात तीनदा श्वास तोडून सुरांची जिलेबी पाडली त्याला. आठवड्याने त्या मुलीची आई रस्त्यात भेटली. म्हणाली, "काकाजी, तिले हरकती शिकवा लागते म्हणतात. क्लास लावला जी." आता ती मुलगी भजन म्हणते तेव्हा मागच्या बायका गप्प बसतात. त्यांना वाटते, हे आपल्याला झेपण्यासारखे नाही.

दुसरी हकीकत याहून कडू आहे. एका ओळखीच्या घरातल्या चौदा वर्षांच्या मुलाचे 'सिंगल' काढले. सोयाबीन विकून आलेला पैसा त्यात गेला. स्टुडिओ, संगीत, चित्रीकरण, भाड्याची मोटार, धुराचे यंत्र, सगळे झाले. मुलाचा आवाज त्याच वर्षी फुटत होता. बारा ते पंधरा या वयात मुलाची स्वरयंत्रे वाढतात, आवाज उतरतो, घोगरा होतो. या काळात त्याला जपायचे असते, हे कोणताही चांगला गुरू सांगेल. पण गाणे उंच पट्टीतले, कारण उंच गेले की लोक थक्क होतात. मुलगा ओरडला. जे ओरडून साधले नाही ते यंत्राने सरळ करून दिले. गाणे प्रसिद्ध झाले. नातेवाईकांनी पाहिले, शेजाऱ्यांनी पाहिले आणि संपले. गणपतीत त्याला ते म्हणायला सांगितले तेव्हा त्याला ते म्हणता येईना. मागे तबकडी लावून त्याने नुसते ओठ हलवले. पुढे सहा महिने त्याचा आवाज बसलेला होता. ताणलेल्या गळ्यात स्वरतंतूंवर गाठी येतात आणि मग बोलणेही दुखते, हे त्या घराला डॉक्टरकडे गेल्यावर कळले. चौदाव्या वर्षी त्या मुलाने गाणे सोडले. हे एकच नुकसान माझ्या लेखणीला पुरेसे आहे.

यंत्राचा उल्लेख झाला आहे तर त्याचाही हिशेब करू. बेसूर आवाज सुरात बसवणारी 'ऑटोट्यून' नावाची युक्ती १९९७ साली निघाली आणि आता ती स्वस्त मोबाईलवरही मिळते. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पूर्वी अवघड तान हा रियाजाचा पुरावा होता. वीस वर्षे पहाटे उठून मेहनत केल्याशिवाय ती निघत नसे, म्हणून ती ऐकून मान डोलत असे. आज ध्वनिमुद्रणातली अवघड जागा कशाचाच पुरावा नाही. ती गायकाची असेल, यंत्राचीही असेल. मग आपण कोणाला टाळ्या देतो आहोत? ज्या गोष्टीची नक्कल यंत्राला सहज जमते तिच्यासाठी आपण मुलांचे गळे खरवडतो, आणि जी यंत्राला जमत नाही, म्हणजे अर्थ समजून शब्द उच्चारणे, तिला आपण 'काही करून दाखवले नाही' म्हणतो. उलटा कारभार म्हणतात तो हाच.

याचे कारण मुलांत नाही, मापात आहे. स्पर्धेत गाणाऱ्याला दीड-दोन मिनिटे मिळतात. तेवढ्यात भाव मोजायचा कसा? उंची मात्र मोजता येते. ताना मोजता येतात. मोबाईलवर तर त्याहून घाई. गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफायसारख्या मोठ्या कंपन्यांत तीस सेकंद ऐकले की ते एक ऐकणे धरले जाते. मग गाणे हळूहळू उमलणार कसे? पहिल्या वीस सेकंदांतच फटाका लावावा लागतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांनी ध्वनिमुद्रण केले, तेव्हा गाणे संपताना त्या स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. तबकड्या परदेशात तयार होत असल्याने हे गाणे कोणाचे ते तेथल्या कारागिरांना कळावे म्हणून, असे सांगतात. आज नाव सांगायची गरज उरली नाही. पण आमची मुले गाण्याच्या पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत दुसरे काय करत असतात? 'मी आहे, मी आहे, मला पाहा' एवढाच त्या हरकतींचा अर्थ असतो.

माझा विरोधक येथे आपला हुकमाचा पत्ता टाकील. म्हणेल, "आणि तुमचे वसंतराव देशपांडे? मूर्तिजापूरला जन्मलेले, नागपुरात वाढलेले. त्यांच्या गळ्यात आतषबाजी नव्हती काय?" होती! आणि कसली होती! 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ चे, लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर, तेही आमच्या नागपूरचे. संगीत जितेंद्र अभिषेकींचे. त्यातला खाँसाहेब आफताब हुसेन वसंतरावांनी उभा केला तेव्हा प्रेक्षागृहावर विजा पडत. पण तेथे ती तान कोणाची होती? ईर्षेने पेटलेल्या, मान न मिळाल्याने आतून जळणाऱ्या, तरीही विद्येपुढे अखेर वाकणाऱ्या एका माणसाची. तान काढली तर खाँसाहेब उरत नाही. आणि हेच वसंतराव १९५५-५६ च्या 'गीतरामायणा'तही गायले आहेत. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. पुणे आकाशवाणीवरून वर्षभर छप्पन गीते प्रसारित झाली आणि लोकांनी रेडिओला हार घालून ती ऐकली. तेथे त्याच वसंतरावांचा तोच गळा गीताच्या चौकटीत नांदला. ज्याला थांबता येते त्याचीच तान ऐकावी. ज्याला थांबताच येत नाही तो तान घेत नाही, तान त्याला घेऊन जाते.

शिवाय 'कट्यार' चा विषय तरी दुसरा काय आहे? पंडितजींची गायकी शांत, खाँसाहेबांची आक्रमक. दरबारी गायकाचे पद कोणाकडे, यावरून सारे रामायण घडते. जिंकलेल्या माणसाला जिंकण्याने शांती मिळत नाही, हे दारव्हेकरांनी दाखवले. २०१५ साली त्यावर चित्रपट निघाला, तोही आपण गर्दी करून पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन मुलाला स्पर्धेच्या क्लासला घातले!

आता आमच्या मातीकडे येतो. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भातल्या मुली भुलाबाई मांडतात. संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणी म्हणायची, शेवटी डबा वाजवून आतला खाऊ कोणता ते ओळखायचे आणि मग तो वाटून खायचा. त्या गाण्यांना चार-पाच सुरांपलीकडे जावे लागत नाही. म्हणूनच सहा वर्षांची पोर आणि साठ वर्षांची आजी ती एकाच सुरात म्हणू शकतात. तेथे पहिला क्रमांक नसतो; असतो तो खाऊ, आणि तो सगळ्यांना मिळतो. या गाण्यांना 'सोपी' म्हणून नाके मुरडू नका. सासर-माहेरचे सारे दुःख आणि सारी थट्टा त्या चार सुरांत मावली आहे. आमच्याकडे आता भुलाबाईच्या गाण्यांचीही स्पर्धा होते आणि तिथेही मुली माईक धरून एकट्याच उभ्या राहतात. ज्या गाण्यात एकटेपणा नव्हता, तेथे आम्ही तो नेऊन बसवला.

तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन म्हणत तेव्हा त्यांचा आवाज कमी पहाडी होता असे कोणी म्हणणार नाही. पण एक ओळ महाराजांची आणि मागची ओळ गावाची, असा तो व्यवहार होता. आमच्या गावापासून सेवाग्राम काही लांब नाही. १९३६ पासून गांधीजी तेथे राहिले. सामुदायिक गाण्याचा त्यांना आग्रह होता. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी त्यांच्या आश्रमाच्या प्रार्थनेला सूर दिले, आणि हे खरे म्हणजे पक्के रागदारीचे गवई! त्यांना ताना येत नव्हत्या म्हणून प्रार्थना साधी झाली नाही. शंभर माणसांना एका सुरात नेण्यासाठी एका माणसाने आपला गळा आवरायचा असतो, हे त्यांनी जाणले. सेवाग्रामला आजही प्रार्थना होते. परगावचा माणूस तेथे जाऊन बसला तर दुसऱ्या ओळीपासून तोही गुणगुणू लागतो. मी याला संगीताचे यश म्हणतो.

एवढे बोलून मी केवळ तक्रार करून उठणार नाही. ज्यांच्या हाती मांडव आहेत, स्पर्धा आहेत, घरे आहेत, त्यांच्याकडे माझ्या चार मागण्या आहेत आणि त्यांपैकी एकीलाही पैसा लागत नाही.

पहिली, प्रत्येक स्पर्धेत एक फेरी माईक आणि मागचा ट्रॅक यांच्याशिवाय घ्या. नुसती पेटी, किंवा तीही नको. मग कोण गातो आणि कोणाला गाववले जाते ते आपोआप दिसेल. दुसरी, परीक्षकाने गाणाऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारावा, 'या गाण्यात काय सांगितले आहे?' ज्याला उत्तर येत नाही त्याला उंच सुराबद्दल गुण देऊ नयेत. तिसरी, एक बक्षीस अशा गाण्याला ठेवावे की जे ऐकणाऱ्यांनी बरोबर म्हटले. ते बक्षीस ठरवायला परीक्षकही लागत नाही; कान लागतात. आणि चौथी मागणी आईबापांकडे आहे. तुमच्या मुलाचा आवाज फुटत असेल तर वर्षभर त्याला उंच गाऊ देऊ नका, आणि त्याचे 'सिंगल' काढायचा विचार करत असाल तर तो पैसा त्याच्या गुरूला द्या, किंवा चांगली तंबोऱ्याची जोडी घ्या. ती नातवालाही उपयोगी पडेल.

कोणी म्हणेल, लोकांना हेच आवडते, तुम्ही कोण सांगणारे? लोकांना काय आवडते हे लोक एकदाच ठरवत नाहीत. ते रोज ठरवतात, टाळी कोठे वाजवली यावरून. तबकडीवाल्यांना ताना हव्या होत्या तेव्हा नागपूरच्या एका तरुणाने कविता गायली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. म्हणजे लोकांची आवड तानेला बांधलेली नव्हती. ती आजही नाही. तिला दुसरे काही ऐकवायला मात्र हवे.

दिवाळीच्या रात्री आभाळात बाण सुटतो तेव्हा सगळे मान वर करतात. करावीच, तो सुंदर असतो. पण त्याच्या उजेडात कोणी अक्षर वाचलेले नाही. अक्षर वाचायला दाराशी पणती लावावी लागते आणि तिच्याजवळ खाली बसावे लागते. आज फराळ झाल्यावर घरातल्या पोरांना म्हणा, दिवे मालवा, मोबाईल बाजूला ठेवा आणि आजीला येणारे एक गाणे सगळे मिळून म्हणा. ते जर आजीला बरोबर म्हणता आले, तर घरातले गाणे अजून जिवंत आहे असे समजा. नाही म्हणता आले, तर गाणे बदला. आजीला बदलू नका.